जोड मिळाली का?

मैफल सुरू व्हायला अजून पाऊण तास असतो. ग्रीनरूममध्ये चहाचे कप, शालींच्या घड्या, तबल्यावर पडणारी हातोडीची टकटक. या सगळ्या गडबडीत कोपऱ्यातल्या सतरंजीवर कुणीतरी तंबोरा उभा धरून बसलेलं असतं. कान दांडीला टेकलेला, डोळे मिटलेले, डावा हात खुंटीवर. दारातून कुणीतरी डोकावतं आणि एवढंच विचारतं, "जोड मिळाली का?" आतून उत्तर येतं, "मिळतेय." तबलजी लगेच हातोडी खाली ठेवतात. कारण जोड मिळत असताना खोलीत दुसरा आवाज चालत नाही.

तंबोऱ्याला चार तारा. मधल्या दोन म्हणजे जोड, आणि दोन्हींचा स्वर एकच, षड्ज. पहिली पंचमाची, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाची. पडदे नाहीत, बोटानं दाबायची जागा नाही, सूर बदलायचा नाही. वरवर पाहिलं तर लहान मूलही छेडेल असं वाद्य. पण वर्षानुवर्षं गाणाऱ्या माणसालाही तंबोरा लावायला वीस मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. आणि ज्याला तंबोरा लावता येत नाही त्याच्या षड्जावर जुनी गवई मंडळी विश्वास ठेवत नसत. मला ते पटतं. का पटतं ते सांगायचं तर हे वाद्य जवळून पाहायला हवं.

महाराष्ट्रात तंबोरा म्हटलं की मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या शिकलगार कारागिरांनी, म्हणजे ज्यांचा पिढीजात धंदा तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा होता त्यांनी, सतारी आणि तंबोरे घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेबांचं नाव या परंपरेच्या मुळाशी घेतलं जातं, आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. संस्थान पटवर्धनांचं, गाण्याची कदर करणारं. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथे आजही गवई हजेरी लावतात. ज्या गावात स्वरलगावासाठी ओळखल्या जाणाऱ्या गवयानं घर केलं, त्याच गावात देशभर जाणारे तंबोरे तयार व्हावेत, हा योग मला फार सुंदर वाटतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं, भीमेच्या काठच्या शेतांतून. खाण्याचा नाही, कडू जातीचा. कडू असल्यामुळे कीड कमी लागते, आणि साल जाड धरते. वेलावर पूर्ण पिकवून मग कित्येक महिने वाळवतात. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड कापायचं, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आणि आत काटक्यांचे आडवे-उभे टेके देऊन त्याला हवा तो घेर द्यायचा. तसाच पुन्हा वाळू द्यायचा. दांडी, गळा आणि तबली लाकडाची, बहुतेक तुणीची. हे लाकूड हलकं, तांबूस, सरळ रेषांचं. तबली म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी पातळ फळी. ती सपाट नसते, किंचित फुगीर असते. या फुगीरपणावर आणि जाडीवर तंबोऱ्याचा आवाज ठरतो. तबली जाड राहिली तर आवाज आतच कोंडतो. फार पातळ झाली तर पहिली काही वर्षं वाद्य खूप बोलतं, आणि मग तारांच्या ताणानं घोडीखाली, म्हणजे तारा ज्या आडव्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली, तबली बसत जाते. घोडी खाली गेली की तारा आणि दांडी यांतलं अंतर कमी होतं, जवारीही, म्हणजे तारेचा उघडा, गुंजणारा नादही, बिघडते. म्हणून तंबोरा विकत घेताना आधी डोळा तबलीच्या रेषेत आणून घोडीखाली खड्डा पडलाय का ते पाहावं. नक्षीकाम नंतर.

ताण थोडाथोडका नसतो. मीटरभर लांबीची, ०.३ मिलिमीटरच्या आसपासची पोलादी तार काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, षड्जाला लावली की एकट्या त्या तारेवर चार ते पाच किलोचा ताण येतो. चार तारांचे मिळून पंधरा-वीस किलो. एवढं ओझं ती पातळ तबली आणि भोपळा रात्रंदिवस पेलत असतात.

गळ्यांप्रमाणे तंबोरेही वेगळे. जेंट्स तंबोरा साधारण पाच फुटी, मोठ्या भोपळ्याचा, काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास लागणारा. लेडीज तंबोरा फूटभर आखूड, काळी चार-पाचच्या जवळपासचा. आकड्यांत बोलायचं तर काळी एकला जोड सेकंदाला सुमारे १३९ कंपनांवर, पंचम १०४ वर आणि खर्ज ६९ वर. काळी चारला जोड २०८, पंचम १५६, खर्ज १०४. पुरुषांच्या तंबोऱ्यातला पंचम आणि बायकांच्या तंबोऱ्यातला खर्ज असे एकाच जागी येतात. तारांची जाडी या पट्टीनुसारच निवडायची असते, आणि नेमका इथेच घोळ होतो. काळी चारसाठी बसवलेल्या तारा काळी एकपर्यंत उतरवल्या तर त्या सैल पडतात, लोळतात, घोडीवर फडफडतात. उलट काळी एकच्या जाड तारा काळी चारपर्यंत ओढल्या तर एक तर तुटतात, नाहीतर ताठ होऊन टणटण वाजतात. एक तंबोरा दीड-दोन स्वरांच्या टापूत सुखानं राहतो. सासू-सुनेला, बाप-लेकीला एकच तंबोरा पुरेल, हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो.

जोडीच्या तारा पोलादी. खर्ज पितळी, जाड. जेंट्स तंबोऱ्यात पंचमाची तारही बऱ्याचदा पितळी किंवा काशाची असते, कारण तो मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम, आणि पोलादी तार तिथे कोरडी लागते.

आता लावणं.

समोरच्या दोन खुंट्या जोडीच्या, बाजूच्या दोन पंचम आणि खर्जाच्या. सुरुवातीला घोडीवर तारांखाली असलेले सुताचे दोरे बाजूला सरकवून ठेवायचे, म्हणजे तार भुंड्या आवाजात वाजते आणि मूळ स्वर स्वच्छ ऐकू येतो. घोडीच्या मागे प्रत्येक तारेत ओवलेला मणी असतो. तो मधोमध आणून ठेवायचा, पुढे दोन्ही बाजूंना सरकायला जागा राहावी म्हणून. मग जोडीतली एक तार पेटीच्या किंवा स्वरपेटीच्या षड्जाला मिळवायची. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची, नुसती फिरवली तर ती घसरते. आणि स्वराकडे नेहमी खालून वर यायचं. तार चढी झाली तर नुसती जराशी ढिली करून भागत नाही. ती चांगली खाली उतरवून पुन्हा वर आणायची. वरून खाली आणलेल्या तारेत खुंटी आणि अटी (दांडीवरची, तार जिथे टेकते ती पट्टी) यांच्यामध्ये थोडा सैलपणा दडून राहतो, आणि पाच मिनिटांनी तो बाहेर पडतो. प्रत्येक वेळी खुंटी फिरवली की तार दोन बोटांत धरून हलकेच ओढून सोडायची. घोडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा ताण एकसारखा होतो. ही सवय नसल्यामुळेच पुष्कळ तंबोरे "टिकत नाहीत".

पहिली जोड लागली. आता दुसरी तिच्याशी.

सगळं शिक्षण इथे आहे. दोन तारा एकामागोमाग छेडल्या, आणि त्या अगदी जवळ असल्या पण एक झालेल्या नसल्या, तर आवाज हेलकावे घेतो. मोठा होतो, बारीक होतो, पुन्हा मोठा. दोन तारांच्या कंपनसंख्यांत जेवढा फरक, सेकंदाला तेवढे हेलकावे. एक तार १३८.६ आणि दुसरी १३८.१ असली तर दोन सेकंदांत एक. एवढा संथ हेलकावा नवशिक्याच्या कानाला लागतच नाही, कारण तो पुरता होईपर्यंत नाद विरत चाललेला असतो. नवशिका म्हणतो, मिळाली. जाणकार मान हलवतो. तो ऐकत असतो वरचं काहीतरी. प्रत्येक तारेत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वरही वाजत असतात, आणि मुळात अर्ध्या कंपनाचा फरक असला तर पाचव्या उपस्वरात तो अडीच होतो, दहाव्यात पाच. वरच्या बारीक नादात ती थरथर साफ ऐकू येते. म्हणून जोड मिळवताना कान खालच्या जाड आवाजावर ठेवायचा नसतो. तो वर न्यायचा असतो, जिथे नाद झिलई दिल्यासारखा चमकतो, तिथे. थरथर आधी जलद असते, मग तिचे हेलकावे होतात, मग ते लांबत जातात, आणि एका क्षणी दोन तारा आहेत हेच कळेनासं होतं. एकच मोठी, रुंद तार वाजल्यासारखी वाटते.

या शेवटच्या टप्प्यात खुंटीला हात लावायचा नाही. खुंटीचा केसाएवढा फेर म्हणजे कानाला मोठी उडी. इथे मण्याचं काम. मणी घोडीपासून दूर, खाली सरकवला की तार किंचित उचलली जाते आणि स्वर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो. मणी बोटाच्या टोकानं सरकवण्यापेक्षा नखानं टिचकी मारून सरकवलेला बरा. बोटाच्या दाबानं तार ताणली जाते आणि आपण फसतो.

जोड झाली की खर्ज. खर्जाचा दुसरा उपस्वर म्हणजेच जोडीचा षड्ज, त्यामुळे इथेही तेच हेलकावे ऐकायचे. खर्ज जोरात छेडायचा मोह आवरावा. जाड तार जोरात छेडली की पहिल्या क्षणी तिचा स्वर चढतो आणि मग खाली बसतो. जोरात छेडून लावलेला खर्ज मैफलीत हळुवार छेडला की उतरलेला लागतो. जेवढ्या जोरानं वाजवायचा, तेवढ्याच जोरानं लावायचा. शेवटी पंचम. खर्जाच्या तिसऱ्या उपस्वरात पंचम आधीच गुंजत असतो, आपल्याला फक्त पंचमाची तार त्या आधीपासून हजर असलेल्या स्वरात नेऊन सोडायची असते. पंचम बरोबर लागला की तो वेगळा उठून दिसत नाही. लागला नसेल तर चारही तारांत तोच ऐकू येतो.

आणि मग दोरे.

घोडी म्हणजे नुसता टेकू नव्हे. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो घोडीच्या पुढच्या कडेकडे अगदी सूक्ष्म उतरता असतो. तार छेडली की ती या उतारावर चाटत-सुटत राहते. टेकते, सुटते, पुन्हा टेकते, सेकंदात शेकडो वेळा. या चाटण्यानं उपस्वरांना सतत नवं बळ मिळत राहतं. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या तारांवर लिहिताना हेच दाखवलं होतं. साध्या तारवाद्याचा नियम असा, की ज्या बिंदूवर तार छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर वाजू नयेत. तंबोऱ्यात ते वाजतात, ठसठशीत वाजतात. कारण ही उतरती घोडी.

तरी घोडी एकटी पुरत नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा असतो, त्यालाच जवारीचा दोरा म्हणतात. तो आडवा सरकवत नेताना एक जागा येते. तिच्या एका बाजूला नाद बंद, कोंबल्यासारखा. दुसऱ्या बाजूला झणझणीत, पत्रा वाजल्यासारखा. मधल्या, दोऱ्याच्या जाडीपेक्षाही अरुंद अशा पट्ट्यात तार उघडते. ते ऐकायला मिळालं नसेल तर शब्दांत सांगणं अवघड आहे. टप्प्यात येण्याआधी तार "टण्" करते आणि संपते. दोरा जागेवर आला की तोच आवाज आतून फुलत जातो. छेडल्यानंतर अर्ध्या क्षणानं मोठा होतो, आणि त्यातून एकेक उपस्वर वरून खाली, पायऱ्या उतरल्यासारखा सरकत येतो. चारही तारांचे दोरे जागेवर आले की तंबोऱ्याभोवतीची हवाच जड झाल्यासारखी वाटते. दोरा जाड घेतला तर तार घोडीवरून उचलली जाते आणि जवारी लागतच नाही. नायलॉनचा दोरा घसरतो. साधा सुती, एकपदरी दोरा सगळ्यात भरवशाचा. आणि दोरा बसवल्यावर जोड पुन्हा तपासायची, कारण तारेची वाजती लांबी किंचित बदललेली असते. इथेच बरेच जण थकून सोडून देतात.

काही महिने-वर्षांच्या वापरानं तारा घोडीला बारीक खाचा पाडतात. मग दोरा कुठेही सरकवा, तार उघडत नाही. किंवा तीन तारा बोलतात आणि चौथी मुकी राहते. तेव्हा घोडीची जवारी काढून घ्यावी लागते. कारागीर तारा बाजूला करून घोडीचा माथा बारीक कानशीनं, मग पॉलिश पेपरनं घासतो, तार चढवून ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो. घासायचं असतं केसाच्या जाडीइतकं, आणि एक घासा जास्त झाला तर सगळा माथा नव्यानं काढावा लागतो. घरी हा प्रयोग करू नये. मात्र कारागिराकडे नेताना दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, पट्टी कुठली आणि जवारी कशी हवी, खुली की गोल. काळी एकसाठी काढलेली जवारी काळी चारला तशीच बोलेल, असं होत नाही. खुली जवारी झगझगीत, लांब पोचणारी. गोल जवारी मऊ, आतल्या आत गुंजणारी. माझं मत गोल जवारीकडे झुकतं, रियाझासाठी तर नक्कीच. फार खुल्या जवारीत उपस्वरांची गर्दी होते आणि मूळ षड्ज शोधत बसावं लागतं.

नीट लागलेल्या तंबोऱ्यात न छेडलेला एक स्वर ऐकू येतो, शुद्ध गंधार. सगळे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा भास नाही. षड्जाच्या पाचव्या उपस्वरातून तो येतो, आणि खर्ज जितका खरा तितका तो स्पष्ट. पेटीच्या गंधाराहून तो जरा उतरलेला असतो. एका सप्तकाचे १२०० भाग केले तर पेटीचा गंधार ४००व्या भागावर आणि तंबोऱ्याचा साधारण ३८६व्या. हे चौदा भाग कानाला चांगले कळतात. यमनाचा किंवा भूपाचा गंधार पेटीवर ठेवून गाणाऱ्याला तंबोरा आतून टोचत राहतो, आणि नेमकं काय टोचतंय ते त्याला कळत नाही. पंचमाच्या तारेतूनही असेच स्वर निघतात, तिसऱ्या उपस्वरातून रिषभ, पाचव्यातून शुद्ध निषाद. म्हणजे चार तारांत दोनच स्वर छेडले, तरी सा, रे, ग, प, नी असा अर्धाअधिक शुद्ध सप्तक हवेत तयार असतो. गाणाऱ्यानं त्यात आपला स्वर नेऊन ठेवायचा.

पहिली तार मात्र रागाप्रमाणे बदलते. मालकंसात पंचम नाही, तिथे मध्यम लावतात. मारवा, पूरिया यांत पंचम नाही, तिथे बऱ्याचदा निषाद. मध्यम लावलेल्या तंबोऱ्याचा गुण वेगळाच. मध्यमाचा तिसरा उपस्वर षड्जच असतो, त्यामुळे सगळं वाद्य षड्जाकडे ओढ घेत राहतं आणि मालकंसाला हवा तो भारदस्तपणा आपोआप येतो. निषादाची तार लावणं सगळ्यात कठीण. षड्जाला इतकी चिकटून असलेली तार लावताना कान सारखा घसरतो, आणि निषाद थोडा चढा राहिला की मारव्याचा ताणच हरवतो. पूरियात गंधार आणि निषाद यांचं षड्ज-पंचमाचं नातं असतं. त्यामुळे स्वयंभू गंधार ऐकत निषाद लावला की तो नीट बसतो. पंचम उतरवून मध्यम करताना मणी पुन्हा मधोमध आणायला विसरू नये. आणि तार दीर्घकाळ पंचमावर राहिलेली असते, ती मध्यमावर आल्यावर काही मिनिटं हळूहळू वर सरकत राहते, याचा हिशेब ठेवावा.

छेडण्याबद्दल थोडं. पंचम मधल्या बोटानं, उरलेल्या तिन्ही तर्जनीनं. नख लावायचं नाही, बोटाच्या टोकाच्या बाजूचा मांसल भाग तारेवरून घसरत न्यायचा. तार ओढून सोडायची नाही. दांडीच्या मध्याच्या आसपास छेडायचं, घोडीजवळ गेलं की आवाज कडक होतो. पंचमानंतर किंचित थांबायचं, जोड आणि खर्ज एकापाठोपाठ, खर्जानंतर पुन्हा थोडी विश्रांती, त्याचा नाद पसरायला. लय संथ आणि स्वतःची. साथीला बसलेल्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे तबल्याच्या लयीत शिरणं. गायक द्रुतमध्ये गेला की बोटं आपोआप वेग घेतात. तंबोरा तालात वाजू लागला की तो ताल धरतो आणि स्वर सोडतो. दोन तंबोरे असतील तर दोघांनी एकाच क्षणी पंचम छेडायचा नाही. दोघे आगेमागे राहिले की नादाची चादर कुठे फाटत नाही.

वाद्य बिघडतं ते बहुतेक हवेनं. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, खुंट्या फुगून अडकतात, तबली फुगते, पोलादी तारांना गंज धरतो. उन्हाळ्यात उलट, खुंट्या आकसतात आणि रात्रीतून सुटून पडतात. सुटणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावावी, तेल कधीच नाही. गंजलेली तार पुसून वापरण्यात अर्थ नसतो. तिची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते, उपस्वर वेडेवाकडे पडतात, आणि अशा दोन तारांची जोड तासभर बसलं तरी मिळत नाही. जोडीतली एक तुटली तर दोन्ही बदलाव्यात. एसी सभागृहात थंडीनं पोलाद आकसतं आणि तार चढते, दिव्यांच्या उष्णतेनं उतरते. म्हणून तंबोरे ग्रीनरूममध्ये लावून आयत्या वेळी मंचावर नेणं पुरेसं नसतं. शक्य असेल तर अर्धा तास आधी ते मंचावरच ठेवावेत आणि तिथेच शेवटचा हात फिरवावा. प्रवासात चारही तारा अर्धा-एक फेर ढिल्या कराव्यात. आणि तंबोरा भिंतीला टेकवून उभा ठेवू नये. भोपळा फुटण्याच्या गोष्टींत निम्म्या या भिंतीपाशी सुरू होतात. गादीच्या किंवा कापडाच्या गोल चुंबळीवर तो आडवा ठेवावा, दांडीखाली उशी द्यावी.

वारकऱ्यांची वीणा तंबोऱ्याच्याच कुळातली. लहान भोपळ्याची, गळ्यात अडकवून उभ्यानं छेडायची. अखंड हरिनाम सप्ताहात ती सात दिवस जमिनीला टेकत नाही. एक वीणेकरी थकला की दुसरा पुढे येतो, पाया पडतो आणि वीणा गळ्यात घेतो. तिथे जवारीची कुणी चर्चा करत नाही, पण एक धरून ठेवायचा स्वर कुणीतरी सतत धरलेला असला पाहिजे, ही समजूत तीच आहे. मैफलीत तंबोऱ्यावर मागे बसलेला शिष्य आणि सप्ताहातला वीणेकरी एकाच कामावर असतात.

आता बहुतेक घरांत तंबोरा फोनमध्ये असतो. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, त्यानंतर लहान गावांतल्या, भाड्याच्या खोलीतल्या, प्रवासातल्या गाणाऱ्यांची मोठी सोय झाली. हे उपकार नाकारायचं कारण नाही. पण फोनच्या स्पीकरवर रियाझ करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एवढासा स्पीकर साधारण ३०० कंपनांच्या खालचं फारसं ऐकवूच शकत नाही, आणि काळी एकचा खर्ज आहे ६९ वर. म्हणजे ज्या तारेवर सगळं उभं आहे ती तार प्रत्यक्षात वाजतच नाही, तिचे वरचे उपस्वर तेवढे येतात आणि उरलेलं कान अंदाजानं भरून काढतो. निदान बऱ्यापैकी मोठा स्पीकर जोडावा. आवाज गाण्याच्या पातळीच्या जरा खालीच ठेवावा, म्हणजे कानाला शोधायला काहीतरी उरतं. आणि शिकणाऱ्याला शक्य असेल तर, कुठल्या क्लासात, कुणाच्या घरी, आठवड्यातून एकदा का होईना, खरा तंबोरा हातात घेऊन स्वतः लावावा. यंत्रातली जोड आधीच मिळालेली असते. ती न मिळाल्यावर काय ऐकू येतं, हे यंत्र शिकवत नाही.

त्यासाठी एक साधा अभ्यास आहे, रोज दहा मिनिटांचा. लागलेल्या तंबोऱ्यात जोडीतल्या एकाच तारेचा मणी नखानं दोन टिचक्या मारून घोडीकडे सरकवायचा. मग दोन्ही तारा छेडायच्या आणि गायचं नाही, नुसतं ऐकायचं. थरथर कुठल्या उंचीवर आहे ते आधी शोधायचं. मग एक टिचकी परत. थांबायचं, नाद विरेपर्यंत ऐकायचं. मग अर्धी टिचकी. पहिल्या आठवड्यात हेलकावे नुसते असल्याचं कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते मोजता येतात. पुढे कधीतरी ते इतके लांबतात की मोजता येईनासे होतात, आणि नाद एका जागी उभा राहतो. तेव्हा हात मण्यावरून काढायचा, दोरा तपासायचा, आणि खर्ज छेडायचा.